सात हाली, सहा कलदार

सोनं लाखाच्या वर गेलं तेव्हापासून या सदराला येणारी पत्रं दुप्पट झालीत. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न असतो, घेऊ का थांबू. पण यावेळी बाकीची पत्रं पण फार चांगली आलीत, आज्जीच्या ट्रंकेतनं, शेताच्या बांधावरनं, कॉलेजच्या वर्गातनं, म्हणून भावाचा प्रश्न जरा मागं ठेवलाय. वाचत या, त्याचं उत्तर पण हळूहळू तयारच होत जाईल.

"आमच्या आज्जीच्या ट्रंकेत एका गडूत ४१ रुपये निघाले. ३० वर राणीचं तोंड आहे आणि ११ वर चारमिनार. आज्जी कायम म्हणायची, सात हाली म्हंजे सहा कलदार. गावातले जाणते लोक म्हणायलेत की निजामाचा रुपया कमअस्सल होता, म्हणून त्याला हलका धरायचे. खरं काय ते सांगा." (एक वाचक, उदगीर)

तुमच्या आज्जीचा हिशोब एकदम बरोबर होता, आणि किती बरोबर होता ते बघून मी स्वतः वहीत दोनदा गणित केलं.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं इथं पैसा पण निजामाचा. त्याला हाली सिक्का म्हणायचे. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. आणि इंग्रजांचा रुपया तो कलदार, कारण तो कळीवर म्हणजे मशीनवर पाडलेला, कडा गोल, छाप स्वच्छ. नंतर निजामानं पण हैदराबादेत मशीन बसवलं, हाली पण गोल गरगरीत झाला, तरी लोकांच्या तोंडात कलदार म्हणजे इंग्रजांचाच हे नाव पक्कं बसलं ते बसलंच.

आता वजन बघा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक तोळा, म्हणून तर जुनी माणसं "रुपयाभार" हे वजनासारखं वापरायची, रुपयाभार हळद, रुपयाभार औषध. त्यात चांदी शंभरात ९१.७, म्हणजे शुद्ध चांदी भरते १०.६९ ग्रॅम. चारमिनारवाला हाली ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शंभरात ८१.८, म्हणजे शुद्ध ९.१४ ग्रॅम. आता सात हालींची चांदी करा, ६४ ग्रॅम. सहा कलदारांची करा, ६४ ग्रॅम! दोन्हीकडं सारखीच. म्हणजे सात-सहाचा भाव कुणी निजामाला हिणवायला लावलेला नव्हता, तो चांदीचा चोख हिशोब होता. तुमच्या आज्जीला ग्रॅम माहिती नव्हते आणि टक्के पण माहिती नव्हते, पण दोन राज्यांच्या टाकसाळींचा निकाल तिच्या एका वाक्यात होता.

कमअस्सल म्हणणाऱ्या जाणत्यांना सांगा की कमी चांदीचा रुपया आणि फसवा रुपया यात फार फरक असतो. हालीत चांदी कमी होती पण ती किती कमी ते सगळ्यांना माहिती होतं, आणि भाव त्याप्रमाणं ठरलेला होता. फसवणूक तेव्हा होते जेव्हा नाव तेच राहतं, वरचा छाप तोच राहतो आणि आतली चांदी गुपचूप काढून घेतात. रोमच्या बादशहांनी तेच केलं. नीरो बादशहानं इसवी सन ६४ च्या सुमारास चांदीच्या दिनारमध्ये थोडी भेसळ वाढवली, पुढच्या प्रत्येकानं अजून थोडी, असं करत करत दोनशे वर्षांनी तिथलं चांदीचं नाणं म्हणजे तांब्यावर चांदीचा मुलामा एवढंच उरलं, बाजारात भाव भडकले, आणि मग ३०१ साली डायोक्लेशियन बादशहानं गव्हापासून चपलेपर्यंत सगळ्याचे भाव दगडावर कोरून लावले आणि जास्त घेणाऱ्याला मृत्युदंड ठेवला. भाव काही थांबले नाहीत, माल बाजारातनं गायब झाला.

अजून एक गोष्ट तुमच्या गडूत बघा. राणीछाप ३०, पण पुढच्या राजाचे, १९४० नंतरचे कलदार एक पण नाही, बरोबर ना? युद्धाच्या खर्चापायी १९४० ला इंग्रजांनी रुपयातली चांदी ९१.७ वरनं एकदम ५० टक्क्यांवर आणली, आणि १९४७ ला तर चांदी काढूनच टाकली, नुसता निकेलचा रुपया. किंमत मात्र तिन्हीची एकच, रुपया. मग घरातल्या बाईनं काय केलं, नवा खर्चला आणि जुना गडूत टाकला. असं घरोघर झालं. म्हणून आज जुन्या ट्रंकांत राणी सापडते, निकेल सापडत नाही. खोटं नाणं खऱ्याला बाजारातनं हाकलून देतं असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ते तुमच्या आज्जीनं पुस्तक न वाचता करून ठेवलंय.

४८ च्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षं हाली आणि आपला भारतीय रुपया दोन्ही चालू होते, मग हळूहळू हाली परत घेतला. माझे वडील सांगायचे की बार्शीला कापूस घातला की कलदार हातात यायचा, कारण बार्शी इंग्रजी मुलखात, आणि परत येताना करोडगिरीचा म्हणजे निजामाच्या जकातीचा नाका ओलांडला की गावात पुन्हा हालीचा हिशोब. एका दिवसात दोन पैशांत विचार करायची सवय होती त्या पिढीला.

"मोहम्मद तुघलक खरंच वेडा होता का? आमच्या सरांनी वर्गात तांब्याच्या नाण्याची गोष्ट सांगितली आणि सगळे हसले. दौलताबाद आमच्या घरापासून जवळ आहे म्हणून विचारतो." (एक विद्यार्थी, खुलताबाद)

बाळा, तू प्रश्न विचारलास हे फार चांगलं केलंस, कारण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नाहीय.

१३२७ ला त्यानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि दौलताबाद नाव ठेवलं, ते तुला माहितीच असेल. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, १३२९-३० च्या सुमारास, त्यानं पितळेची आणि तांब्याची नाणी काढली आणि फर्मान सोडलं की हे नाणं चांदीच्या टंक्याएवढंच धरायचं. त्या नाण्यांवर लिहिलेलं असायचं की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. विचार कर, नाण्यावर असं कधी लिहावं लागतं? चांदीच्या नाण्यावर नाही लिहावं लागत, चांदी स्वतःच बोलते. आणि यातली काही नाणी दौलताबादच्याच टाकसाळीत पडलीत, तुझ्या घरापासून जवळच.

कल्पना वेडी नव्हती. चीनमध्ये तेव्हा कागदाच्या नोटा चालत होत्या, कुबलाई खानानं चालवून दाखवल्या होत्या, आणि त्याची बातमी दिल्लीपर्यंत नक्की पोचलेली असणार. दिल्लीला चांदी कमी पडत होती, सैन्याचा पगार द्यायचा होता, सुलतानाच्या डोक्यात लांबच्या स्वाऱ्या होत्या. मग अडलं कुठं? पितळ घरोघर. घागर पितळेची, समई पितळेची. सरकारी नाणं आणि घरात ओतलेलं नाणं यात फरक ओळखायची काही सोयच नाही. बरनी नावाचा त्या काळचा इतिहासकार लिहितो की प्रत्येक हिंदूचं घर टाकसाळ झालं. बरनीचा सुलतानावर राग होता आणि त्याच्या लिहिण्यात पूर्वग्रह पण आहेत, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा, पण घडलं साधारण तसंच. लोकांनी सारा भरला पितळेत आणि चांदी पुरली जमिनीत. परदेशी व्यापारी इथला माल पितळ देऊन घ्यायचे पण स्वतःचा माल विकताना पितळ घ्यायचे नाहीत. दोन-तीन वर्षांत सगळं बसलं.

आणि आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती मला सांगायचीय. त्यानं ती नाणी परत घेतली, आणि बदल्यात खजिन्यातनं चांदी-सोनं दिलं. खऱ्याला पण दिलं आणि खोट्याला पण दिलं, कारण वेगळं करताच येईना. तुघलकाबादेत पितळेच्या नाण्यांचे ढीग लागले होते असं बरनीच सांगतो. शब्द मोडला असता तर खजिना वाचला असता, पण त्यानं शब्द पाळला. आज तुझ्या खिशातल्या नोटेचा कागद पण तसा फुकटच आहे, पण त्यात तार आहे, पाण्यातला छाप आहे, नंबर आहे, आणि किती छापायच्या यावर कुणाची तरी नजर आहे. तुघलकाकडं यातलं एक पण नव्हतं. पुढच्या वेळी किल्ल्यावर गेलास की सरांना हे सांग.

"सासूबाईंकडून आलेली पुतळ्यांची माळ आहे. सराफ म्हणतो जुनी डिझाइन आहे, आटवून नवं काहीतरी करा. पुतळी म्हणजे नेमकं काय हो?" (एक वाचक, अंबाजोगाई)

ताई, आटवायच्या आधी दोन मिनिटं माझं ऐका.

पुतळी म्हणजे मूळचं इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं, डुकाट. त्याच्यावर एका बाजूला दोन माणसं असतात, एक संत उभा आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेला तिथला राज्यप्रमुख, हातात काठीसारखा झेंडा. आपल्या बायकांना त्या दोन पुतळ्या दिसल्या म्हणून पुतळी. कुणाला त्यात राम-सीता दिसले. मिरी, कापड, मसाले घ्यायला जे व्यापारी आले त्यांच्याबरोबर ही नाणी अरबी समुद्रावरनं आपल्याकडं आली आणि देशावर पसरली.

आता त्याच नाण्याची माळ का झाली, दुसऱ्या कुठल्या का नाही? कारण ते नाणं १२८४ ला सुरू झालं आणि १७९७ ला व्हेनिसचं राज्य बुडेपर्यंत, पाचशे वर्षांच्या वर, त्याचं वजन साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शुद्ध, असंच राहिलं. बाकीचे राजे अडचण आली की नाणं पातळ करायचे, व्हेनिसवाल्यांनी केलं नाही, कारण त्यांचं पोटच व्यापारावर होतं, नाण्याचं नाव गेलं असतं तर सगळंच गेलं असतं. म्हणून ते नाणं न वाचता येणाऱ्या बाईनं पण डोळे झाकून गळ्यात घातलं.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बऱ्याचशा पुतळ्या इथल्या सोनारांनी त्याच छापावर बनवलेल्या असतात, पातळ पत्र्याच्या, मागनं अक्षरं वेडीवाकडी. तुमची कुठली आहे ते एखाद्या नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. अस्सल असेल तर सोन्याच्या भावापेक्षा जास्त मोल आहे. इथली असेल तरी आटवताना घट जाणार, मजुरी जाणार, वर जीएसटी जाणार, आणि हातात काय येणार तर जी गल्लीत दहा जणींकडं आहे ती डिझाइन. मी तुमच्या जागी असतो तर नवा दोरा ओवून लेकीला दिली असती.

"सरकारकडं नोटा छापायचं मशीन आहे तर गरिबांना छापून का वाटत नाहीत?" (एक वाचक, सेनगाव, जि. हिंगोली)

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि त्यात लाजायसारखं काही नाही.

तुमच्या आठवडी बाजारात शंभर पायल्या ज्वारी आलीय समजा आणि सगळ्यांच्या खिशात मिळून हजार रुपये. रात्रीतनं प्रत्येकाचे पैसे दुप्पट केले तर सकाळी ज्वारी शंभरच पायल्या असणार ना? भाव दुप्पट होणार, बस. आणि सगळ्यांचे पैसे एकाच वेळी दुप्पट पण होत नाहीत कधी. ज्याच्या हातात नवी नोट आधी जाते तो जुन्या भावात माल उचलतो, मजुरापर्यंत नोट येईस्तोवर भाव चढलेला असतो. महागाई हा असा कर आहे ज्याची पावती मिळत नाही.

आपल्या देशात हे झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं इथनं कापड, धान्य, कातडी, मजूर असं सगळं उचललं आणि त्याचे पैसे लंडनला खात्यात लिहून ठेवले, इथं मात्र त्या लिहिलेल्या आकड्यावर नोटा छापल्या. १९३९ ला चलनात साधारण १८० कोटींच्या नोटा होत्या, १९४५ पर्यंत त्या बाराशे कोटींच्या घरात गेल्या. भाव अडीच-तीन पट झाले. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्याच दिवसांतला. जर्मनीत तर १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क अशी वेळ आली होती, लोक नोटा टोपलीत घालून पाव आणायला जायचे.

"यंदा सोयाबीनचे आणि थोडे तुरीचे मिळून तीनेक लाख हातात आहेत. घरचे म्हणतात सोनं घे, मित्र म्हणतो चांदी घे, ती अजून वाढणार. सावकाराचे ऐंशी हजार द्यायचे आहेत, महिना तीन टक्क्यानं. सोनं कधी पडत नाही म्हणतात. तुमचा अनुभव सांगा." (एक शेतकरी वाचक, औसा तालुका)

दादा, पहिली गोष्ट, हे मासिक खाली ठेवा आणि सावकाराचे ऐंशी हजार देऊन या. महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, व्याजावर व्याज धरलं तर त्याच्यापण वर. एवढ्या वेगानं सोनं एखाद्या वर्षी पळतं, दरवर्षी पळत नाही, आणि सावकाराचं व्याज दरवर्षी पळतं, रविवारी पण, पाऊस नसला तरी.

आता राहिले दोन-सव्वादोन लाख. "सोनं कधी पडत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय आणि ते खरं नाहीय. १९८० च्या जानेवारीत जगात सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं होतं, इराण, अफगाणिस्तान, तेल, सगळ्याचीच भीती होती. तिथनं जे उतरलं ते वीस वर्षांनी २५५ च्या आसपास येऊन टेकलं, आणि ८५० परत बघायला २००८ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं. आपल्याकडं रुपयाच घसरत होता म्हणून आकडा पडलेला दिसला नाही. १९८० ला दहा ग्रॅम साधारण तेराशे रुपये होतं, २००० ला चव्वेचाळीसशे. बघणाऱ्याला वाटतं तिपटीच्या वर झालं की. पण त्याच वीस वर्षांत बाकीची महागाई साधारण पाचपट झाली होती. म्हणजे ज्यानं ८० ला सोनं घेऊन २००० ला विकलं त्याच्या हातात रुपये जास्त आले आणि ज्वारी कमी आली. म्हणून मी कायम सांगतो, भाव रुपयात बघू नका, पोत्यात बघा. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र सोन्यानं सगळ्यांना मागं टाकलं, ते पण तेवढंच खरं, आणि आज जे सोनं घे सोनं घे म्हणतात त्यांना हीच पंचवीस वर्षं आठवतात, आधीची वीस आठवत नाहीत.

चांदीचं तर अजून अवघड. शेकडो वर्षं एका तोळा सोन्याला पंधरा-साडेपंधरा तोळे चांदी असा हिशोब असायचा. १८७० नंतर जर्मनीनं आणि पाठोपाठ बाकीच्यांनी चांदीचा पैसा सोडून सोन्याचा धरला, त्यांची चांदी बाजारात आली, अमेरिकेत नव्या खाणी लागल्या, आणि शतक संपेपर्यंत एका तोळ्याला तिसाच्या वर चांदी लागायला लागली. आपला रुपया चांदीचा, तो त्याच्याबरोबर बसला, शेवटी १८९३ ला इंग्रज सरकारनं लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून द्यायचं बंद केलं. म्हणजे ज्याच्या घरात चांदी होती त्याची अर्धी पुंजी त्याच्या काही चुकीशिवाय गेली. आणि जवळचं सांगायचं तर १९८० लाच अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदी साठवून साठवून औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ नेली, दोन महिन्यांत ती अकराच्या खाली आली. चांदी वर जाते तेव्हा पण उड्या मारत जाते आणि येते तेव्हा पण. तुमच्या मित्राचं चुकेलच असं नाही, पण शेताच्या पैशाला असल्या उड्या झेपत नाहीत.

अनुभव विचारलात तर सांगतो. ७२ चा दुष्काळ, मी तेव्हा दहा वर्षांचा. बीड जिल्ह्यात आमचं गाव, दोन वर्षं पाऊस नाही, वडील खडी फोडायच्या कामावर. आईचे पायातले तोडे होते, चांदीचे, पस्तीस तोळ्यांचे, तिच्या माहेरचे. ते घेऊन आम्ही तालुक्याच्या गावी सराफाकडं गेलो. दुकानाच्या पायरीपासून खालपर्यंत बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या ओच्यात काहीतरी बांधलेलं, वाळे, कडे, कमरपट्टा, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आईचा नंबर आला तेव्हा सराफानं तोडा कानसीनं घासला, सांध्याच्या डागावर बोट ठेवलं, म्हणाला एवढी तूट. आई म्हणाली गेल्या वर्षी माझ्या बहिणीला याच्या निम्मी धरली होती. तो म्हणाला, बाई, मागं बघा किती जणी आहेत. बस एवढंच म्हणाला. आलेल्या पैशांत सव्वा पोतं ज्वारी आली. आई रस्ताभर हिशोब करत होती, दुष्काळाच्या आधी त्यातच तीन पोती आली असती.

चांदीचा भाव फार पडला नव्हता बघा. ज्वारी वर गेली होती, आणि विकणारे सगळे एकाच दिवशी आले होते. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात पण दख्खनमधनं चांदीचे दागिने मुंबईच्या टाकसाळीत ढिगानं गेले होते, म्हणजे आमच्या आईच्या आधी शंभर वर्षं तीच रांग. सोनं-चांदी राजाच्या चुकीपासून वाचवते, नाणं पातळ झालं, नोटा बेसुमार छापल्या, राज्य बदललं, तर ज्याच्याकडं धातू आहे तो तरतो. पण पावसाच्या चुकीपासून ती अर्धीच वाचवते, कारण पाऊस सगळ्या गावाचा एकदमच जातो. आणि आपल्या मराठवाड्यात राजापेक्षा पाऊस जास्त वेळा चुकलाय.

म्हणून माझं सांगणं असंय. आधी वर्षाचं घरचं धान्य आणि पुढच्या पेरणीचं बी-खत एवढे पैसे बँकेत अलग ठेवा, त्यांना सोन्याची हवा लागू देऊ नका. बोअर, ठिबक, शेततळ्याचं अस्तर यातलं काही अडलं असेल तर ते करा, कारण ती अशी पुंजी आहे जी नेमकी दुष्काळातच जास्त किमतीची होते. मग उरले त्यातनं सोनं जरूर घ्या, मी सोन्याच्या विरोधात नाही, आईचे तोडे नसते तर ते सव्वा पोतं पण आलं नसतं. पण दागिना नको, वळं किंवा नाणं घ्या, दागिन्यात मजुरीच दहा ते वीस टक्के जाते आणि विकताना ती कुणी देत नाही. हॉलमार्क बघूनच घ्या, वळ्यावर सहा अक्षरी एचयूआयडी म्हणजे ओळखीचा नंबर पण बघा, पक्की पावती घ्या, आणि एकदम घेऊ नका, तीन-चार वेळेला थोडं थोडं. आणि विकायची वेळ आली तर सगळे विकायला निघायच्या आधी, जून कोरडा गेला की जुलैतच निघा, दिवाळीची वाट बघू नका.

"पावसानंतर शेतात काळपट गोल तुकडे सापडतात, जड आहेत, शिशाचे वाटतात. लेकरांनी खेळायला घेतलेत. काही किंमत असेल का?" (एक वाचक, तेरजवळचं गाव, जि. धाराशिव)

आधी लेकरांच्या हातातनं घ्या आणि त्यांचे हात धुवा, शिसं पोटात जाणं वाईट.

तुमचं तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत पैठण आणि तगर या दोन्ही गावांची नावं आहेत, इथलं कापड भडोचच्या बंदरावरनं रोमला जायचं आणि रोमचं सोनं-चांदी इकडं यायची, इतकी की प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो, हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. मोठ्या व्यापाराला चांदी, आणि रोजच्या भाजीपाल्याला सातवाहन राजांनी शिशाची, तांब्याची, पोटीनची म्हणजे तांबं-कथील-शिसं मिसळलेल्या धातूची नाणी पाडली. तुमच्या लेकरांच्या हातात बहुतेक त्यांची चिल्लर आहे. एका बाजूला हत्ती किंवा सिंह, दुसऱ्या बाजूला चार गोल जोडलेलं चिन्ह दिसतंय का बघा.

भंगारात घालू नका, शिशाचा भाव तो काय येणार. जमिनीतनं निघालेल्या जुन्या वस्तूची खबर कलेक्टर ऑफिसला द्यावी लागते, १८७८ पासूनचा कायदा आहे, तहसीलला अर्ज दिला तरी पुढं जातो. नाहीतर तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी म्युझियम आहेच, त्यांनी आयुष्यभर गावातनं गोळा केलेल्या वस्तूंवरच ते उभं राहिलंय, तिथं नेऊन दाखवा. शेतात कुठल्या बाजूला सापडले ते एका कागदावर लिहून प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा. आणि उदगीरच्या वाचकांना पण हेच, चकाकी यावी म्हणून चिंचेनं, राखेनं घासू नका, वरचा काळा थर गेला की अक्षरं पण जातात.